मातीने धुतलेलं घर

चूक माझी होती. हे वाक्य मी मुद्दाम कागदाच्या अगदी वर लिहितो आहे, कारण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. आधी हवापाण्याचं वर्णन, मग परिस्थिती, मग घाई, मग इतरांचे दोष, आणि शेवटी कुठेतरी कोपऱ्यात माझी चूक, अशा क्रमाने मी लिहीत गेलो असतो आणि वाचणाऱ्याला उलट माझी दया आली असती. म्हणून आधीच सांगतो. माझ्या नव्या घराच्या चुन्यात खारं पाणी मी घालायला लावलं, आणि ते गोडं आहे असं घर बांधणाऱ्या गवंड्याला तोंडावर सांगितलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. पुढे भिंत बिघडली तेव्हा दोष मी त्याच्यावर ढकलला.

आठवण होते ती आश्विनामुळे. आमच्या खाडीकाठी हा महिना फार उघडा असतो. चार महिने झाकून ठेवलेलं सगळं याच महिन्यात बाहेर येतं. गाद्या अंगणात पडतात, होड्यांना नवं तेल लागतं, कौलांवरचं शेवाळ वाळून काळं पडतं, आणि पावसाची झड लागू नये म्हणून पश्चिमेच्या भिंतींवर बांधलेले झावळ्यांचे झाप सोडले जातात. दुपारी खाडीवरून वारा आला की चिखल, सुकट आणि पिकायला लागलेलं भात यांचा मिळून एकच वास येतो. या वासाने परगावी राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. मला मात्र या वासाबरोबर जिभेवर खारट चव येते.

आज सकाळी आमच्या भिंतीचे झाप सोडले. आत भिंत कोरडी, पांढरी, घडी मोडलेल्या नव्या धोतरासारखी. दर वर्षीप्रमाणे मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. काही नाही. नुसता चुना. आमची ही दारातून बघत होती. "गावात भिंत चाटणारा पुरुष एकच," ती म्हणाली, "आणि तो नेमका माझ्या नशिबी." मी हसलो. हसता येतं आता. दहा वर्षांपूर्वीच्या आश्विनात याच भिंतीसमोर उभं राहून मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

रेवसच्या धक्क्यापासून कोसभर आत, खाडीच्या बांधाला लागून आमचं गाव. मी मिठाच्या कचेरीत कारकून. वयाची चाळिशी गाठेपर्यंत दुसऱ्याच्या घरात राहिलो. थोरले बंधू मुंबईला असतात, ते एकदा हसत म्हणाले होते, "तुझं घर कागदावरच बरं दिसतं." हे वाक्य मनात इतकं खोल गेलं की घराचं जोतं घातलं त्या दिवशी देवाच्या आधी मला बंधूंची आठवण झाली. गृहप्रवेशाचा मुहूर्त ज्येष्ठाच्या तोंडावरचा धरला, त्यांना पत्र धाडलं, आणि त्या पत्रात 'घर पूर्ण झाले असे समजावे' असं लिहून मोकळा झालो. तेव्हा भिंतींना गिलावाही व्हायचा होता.

घर बांधत होते दाऊदभाई. खाडीपलीकडच्या मुसलमान वस्तीतले गवंडी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. उंच, किंचित वाकलेले, बोटांची नखं चुन्याने खाल्लेली. त्यांची एक रीत होती. सकाळी पहिली कावड आली की ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, खळखळून बाजूला टाकायचे, मग मान हलवायचे. मान हलली की काम सुरू. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "दाऊदभाई, पाणी भिंतीला पाजायचंय की तुम्हाला?" तर म्हणाले, "नाना, चुना म्हंजे तान्हं पोर. तुमी जे पाजाल ते त्याच्या अंगी लागल. बोंब पन तोच मारल, सा म्हयन्यानं."

तो वैशाख अजून अंगावर येतो. विहिरींचे तळ दिसू लागले होते. टेकडीच्या पायथ्याची वरची विहीर गोड पाण्याची, पण तिच्यात हातभर पाणी उरलेलं. बायका पहाटेपासून घागरी लावून बसायच्या. खालची विहीर बांधाजवळ. पावसाळ्यात तिचं पाणी बरं असतं, चैत्रात मचूळ होतं आणि वैशाख सरताना इतकं खारं होतं की गुरंही तोंड लावत नाहीत. गिलाव्याचा शेवटचा हात राहिला होता, तोही खाडीकडच्या पश्चिमेच्या भिंतीचा, म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीचा. आणि मध्येच बकरी ईद आली.

दाऊदभाई चार दिवसांसाठी घरी निघाले. जाताना मला हौदाजवळ घेऊन गेले. "चुन्याची कळी यात टाकून ठेवा. वरच्या विहिरीचं पानी घाला आनि मी येस्तोवर ढवळत ऱ्हावा. पानी कमी पडलं तर थांबा, चार रोज उशीर हुईल. पन खालचं घालू नका."

मी मान डोलावली. दोन दिवस वरच्या विहिरीवरून जेमतेम चार कावडी आल्या. हौदाचा तळसुद्धा झाकला नाही. तिसऱ्या दिवशी बंधूंचं उत्तर आलं, 'मुहूर्ताला येतो, घर बघू'. ते 'बघू' मला झोंबलं. मी कावडीवाल्यांना म्हटलं, खालचं आणा. मनाला समजावलं की गावाचं प्यायचं पाणी वाचतंय, हे पुण्यच. चुना थोडाच पाणी पिणार आहे! अठरा वर्षं मिठाच्या कचेरीत काढलेला माणूस असं म्हणाला. ही मागच्या दारात उभी होती. कावडी टेकडीकडून येत नव्हत्या, बांधाकडून येत होत्या, हे तिने पाहिलं. घरात गेली.

ईद करून दाऊदभाई आले ते माझ्या मुलांसाठी डबाभर गोड शेवया घेऊन. कळी पडलेलं पाणी चाखता येत नाही, जीभ भाजते. म्हणजे त्या पाण्याची चव सांगणारा आता मी एकटाच होतो. डबा माझ्या हातात देता देता त्यांनी विचारलं, "नाना, हौदातलं पानी वरचंच ना?"

"हो," मी म्हणालो.

एवढंच. एका अक्षराचं खोटं. डबा अजून ऊन होता.

गिलावा झाला, सुंदर झाला. दाऊदभाईंचा हात असा की भिंतीवरून ऊन घसरावं. बंधू आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वा!" या एका 'वा'साठी मी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते आठवलं नाही. चार दिवसांनी आभाळ भरून आलं. आम्ही भिंतीवर झाप बांधले आणि घरात शिरलो. नव्या घरातला तो पहिला पावसाळा मी फार सुखात काढला. झापांवर सरी आपटायच्या, आत दिवा स्थिर जळायचा, मुलं नव्या जमिनीवर लोळायची. आणि भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, हाताच्या अंतरावर, झापांच्या अंधारात माझं खोटं हळूहळू बाहेर येत होतं.

दसऱ्याच्या आधी झाप सोडले. शेजारची हिराआय आली होती. आगरी म्हातारी, उभा जन्म मिठागरात गेलेला, तळपायांना मिठाच्या भेगा. गावचे खोतही वाटेने जाताना थांबले होते. पहिला झाप खाली आला. भिंतीवर पांढरी लव उगवली होती. कापसासारखी, बारीक सुयांची. जागोजागी गिलावा फुगला होता आणि बोट लावलं की पिठासारखा गळत होता.

हिराआयने जवळ जाऊन चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि खो खो हसत सुटली. "आगं बाय! ओ नाना, कचेरीतलं मीठ चोरून भितीला लावलाव का काय? आता जकात भरा, न्हायतर तुमचा सायेब येल आनि घरच उचलून नेल!"

खोत हसले नाहीत. "काम कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"दाऊदचं," मी म्हणालो.

"एवढा जाणता गवंडी. पाणी बघितलं नाही म्हणता?"

यावर मी काय बोललो ते लिहिताना आजही लेखणी अडते. मी म्हणालो, "काय सांगू खोत, ईदला जायची घाई होती त्याला."

एरवी मी त्यांना 'अहो दाऊदभाई' म्हणत असे. त्या वाक्यात ते 'तो' झाले. आणि नुसता दोष टाकून मी थांबलो नाही, त्यांच्या सणालाही त्यात ओढलं. कारण ते सोपं होतं. ऐकणाऱ्याला पटकन पटतं असं काहीतरी हाताशी हवं होतं, आणि ते माझ्या जिभेवर तयार होतं.

वाक्य खाडीच्या भरतीसारखं पसरलं. धक्क्याच्या वाटेवर उतारूंसाठी धर्मशाळा बांधायचं गावाने ठरवलं होतं आणि ते काम दाऊदभाईंना द्यायचं जवळजवळ नक्की होतं. त्यांचा त्या कामावर फार जीव. मला एकदा गिलावा करता करता म्हणाले होते, "सगळा जल्म लोकांची घरं बांदली नाना. घर झालं की दार लागतं, आनि बांदनारा भायेर. एक भित अशी बांदायची हाय, जिला दारच न्हाय. कोनी पन टेकून बसल. मी पन." ती भिंत आता त्यांच्या हातून जाणार होती. खोत म्हणू लागले, "बघू. पेणेला एक गवंडी आहे म्हणे."

मी भिंत धुवायला घेतली. कचेरीतून आलो की धोतर खोचायचं, बादली घ्यायची आणि खसाखसा धुवायचं. धुतली की दिवसभर स्वच्छ दिसे. दोन दिवस ऊन लागलं की पुन्हा लव, आधीपेक्षा दाट. दहा दिवस मी असा धूत होतो. एका संध्याकाळी ही शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "किती धुताय? पाणी तरी या खेपेला वरचंच आहे ना?"

बादली माझ्या हातातच राहिली. पाच महिने ती हे वाक्य मनात ठेवून होती.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी दाऊदभाई आले. कुणी बोलावलं नव्हतं. होडीतून उतरले ते सरळ घराकडे, खांद्यावर हत्यारांची पिशवी. "नाना, माजी भित आजारी हाय असं ऐकलं." भिंतीजवळ गेले. फुगलेला एक पापुद्रा नखाने काढला, जिभेवर ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून खाली, बांधाजवळच्या विहिरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, आणि खरं सांगतो, बोलावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "बादली ठेवा. कोनी सांगितलं धुवायला?"

"मग काय करायचं?"

"माती लावायची."

मला वाटलं ते माझी थट्टा करताहेत. नव्या घराच्या दर्शनी भिंतीला माती! पण त्यांनी पिशवी उघडून नारळाच्या शेंडीचा कुंचा काढला होता. "आधी कोरडी झाडायची. खाली फडकी आंथरा, एक कन जोत्यात पडता कामा नये. मग गोड्या पान्यानं भित भिजवायची आनि वरनं मातीचा लेप. दोन बोटं जाड." मी गोंधळून बघत राहिलो तसे किंचित वैतागून म्हणाले, "अवो, मिठाचे कारकून ना तुमी? मीठ पान्याच्या मागनं चालतं. पानी जितं सुकल तितं बसतं. भितीवर सुकू दिलंत, भितीवर बसलं. आता मातीवर सुकू द्या."

हेच तर मी अठरा वर्षं पाहत होतो. खाडीचं पाणी कुंडात घ्यायचं, उन्हाला द्यायचं, पाणी उडून जातं आणि मीठ तळाशी राहतं. माझ्या डोळ्यांसमोर रोज घडणारी गोष्ट मला माझ्या भिंतीवर ओळखता आली नव्हती.

मातीही कुठलीही चालणार नव्हती. बांधाजवळच्या खाऱ्या जमिनीची नको, वरच्या खाचरांतली गोडी माती हवी. तीत भाताच्या पेंढ्याचा बारीक चुरा आणि वरच्या विहिरीचं पाणी. पावसाळा नुकताच सरला होता, वरची विहीर काठोकाठ भरलेली. पहिली कावड मी खांद्यावर घेतली. दाऊदभाईंनी ती अडवली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, खळखळून टाकलं. मान हलवली. मी खाली बघत पुढे गेलो.

मग अंगणात मातीचा ढीग ओतला आणि तुडवायला सुरुवात झाली. आधी मी एकटा. मऊ तळव्यांचा कारकून चिखलात नाचतोय, हे बघायला गाव लोटलं. वाटेवरून कुणी ओरडलं, "नाना, घर नको झालं, गोठा बांधताय वाटतं!" हिराआय कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली, मग लुगडं खोचून सरळ चिखलात उतरली. "सरका ओ. तुमच्यानं माती तुडवनं म्हंजे बगळ्याचं नाचनं. वयनी, तुमी पन या. ह्यांना लिवाया पाठवा." ही आली. मागोमाग आणखी दोघीतिघी. हसणं, थट्टा, पायाखाली पचपचणारी माती, पेंढ्याचा गोड वास, वर आश्विनातलं कडक निळं आभाळ. दाऊदभाई आम्हाला गोळे करायला लावत आणि स्वतः तळहाताने भिंतीवर थापत. मला म्हणाले, "तुमी बी थापा, नाना. दाबून. भित हाय, कागद न्हाय."

संध्याकाळपर्यंत माझं घर दर्शनी बाजूने पार मातीचं झालं. रेवसकडून येणाऱ्या मचव्यातून माणसं हात करून दाखवत होती. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्या घराकडे बघून कित्येक महिन्यांनी मला हलकं वाटलं. जसं होतं तसं दिसत होतं ते.

लेप वाळायला पाच-सहा दिवस लागले. ते दिवस फार लांब होते. दाऊदभाई ओट्यावर बसून कुंचे बांधत, मी त्यांच्यासमोर बसून शब्द जुळवत. एका दुपारी न राहवून मी म्हटलं, "दाऊदभाई, तुम्ही मला काहीच का बोलत नाही?"

त्यांनी कुंच्याची गाठ दाताने आवळली. "भित साफ कराया आलोय," ते म्हणाले. "तुमाला लेप द्यायचा तर येवढी माती कुठनं आनू?"

ते हसलेही, थोडंसं. मला हसू आलं नाही. तो क्षण होता, तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी "चहा सांगतो" म्हणून उठलो. मनुष्य किती चिवट भित्रा असतो!

सहाव्या दिवशी वाळलेल्या मातीला भेगा पडल्या आणि त्या भेगांच्या कडांवर, पेंढ्याच्या टोकांवर, पांढरी लव दिसू लागली. मीठ भिंतीतून निघून मातीवर येऊन बसलं होतं! हिराआयने तुकडा मोडून जिभेवर ठेवला. "बाय बाय! ह्यात दोन घरांचं लोनचं हुईल." सगळी माती काढून पाट्यांनी बांधापलीकडे खाडीत नेऊन टाकली. दुसरा लेप. पुन्हा वाट बघणं. या खेपेला मातीची चव नुसती मचूळ. आम्ही सगळे तुकडे तोंडात धरून एकमेकांकडे बघत होतो, प्रसाद घेतल्यासारखे. तिसरा लेप दिला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आमच्या मातीच्या घरावर पणत्या लावल्या होत्या आणि मुलांना त्याचं कोण कौतुक.

तिसरा लेप उतरला तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. दाऊदभाईंनी वरच्या कडेला थापी घातली आणि हलकेच उचकटली. हातभर लांबीचा अख्खा पापुद्रा सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी त्याची आतली बाजू चाटली. डोळे मिटले. मग तो मला दिला. मी चाटला. माती! नुसती माती. शेतात नांगर फिरल्यावर येते ती, गोडसर, मीठ नसलेली माती. "गोडी!" मी ओरडलो. "गोडी हाय!" हिराआय ओरडली, आणि मग अंगणभर बायकामुलं ओरडायला लागली, गोडी, गोडी! आम्ही सगळ्यांनी हातांनी, काठ्यांनी, जे मिळेल त्याने माती सोडवायला सुरुवात केली. ढेकळं धपाधप पडत होती आणि एकेका ढेकळामागून भिंत उघडी होत होती, ओलसर, घट्ट, निरोगी. फुगलेला गिलावा गेला होता तिथे खड्डे होते, ते दाऊदभाईंनी चार दिवसांत भरले. मग चुन्याचा हात. चुन्यासाठी पाण्याच्या सगळ्या कावडी मी वाहिल्या. दोन्ही खांदे सुजून टरटरले होते आणि ती सूज मला दागिन्यासारखी वाटत होती. कार्तिकाच्या उन्हात भिंत अशी झळाळली की मचव्यावरच्या तांडेलाने खाडीतून हाळी घातली, "ओ नाना, शीड लावलाव का काय घराला?"

दोन वर्षांनी सत्याग्रहाचे दिवस आले आणि आमच्या किनाऱ्यावर माणसं खाडीचं मीठ उचलायला निघाली, तेव्हा हिराआय भर बाजारात सांगत होती, "ह्यांचं काय सांगता? आमच्या गावात बिनजकातीचं मीठ पयलं पिकवलं ते नानानं. भितीवर!" कचेरीतला माणूस मी, पण सगळ्यांच्या बरोबरीने हसलो. तोवर गावाला सगळं ठाऊक होतं, म्हणून हसता आलं. ते ठाऊक कसं झालं, तेच सांगायचं राहिलं आहे.

चुन्याचा हात वाळला त्या संध्याकाळी मी भिंतीसमोर उभा होतो. ही बाहेर आली. "त्यांनी पहिल्याच दिवशी चाखलं होतं ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग त्यांना सांगण्यासारखं तुमच्याकडे काही उरलेलं नाही. सांगायचं आहे ते बाकीच्यांना." आणि थोडं थांबून, "उद्या खोत यायचेत भिंत बघायला. धर्मशाळेचंही इथेच बसून ठरवणार आहेत."

दुसऱ्या दिवशी खोत आले, बरोबर गावची चार मंडळी. भिंतीला थापट्या मारून बघितल्या. माझी पाठ थोपटली. "नाना, चिकाटी म्हणजे तुमची!" म्हणाले. मग ओट्यावर बसले, पान लावलं, आणि खोत सहज म्हणाले, "तर मग धर्मशाळेला पेणेचा गवंडी बोलावू. दाऊदचा हात चांगला आहे, वाद नाही. पण नाना म्हणतात तसं, सणावाराची घाई..."

दाऊदभाई अंगणाच्या कडेला हत्यारं धूत होते. त्यांनी ऐकलं. धुणं थांबलं नाही, पण वाकलेली पाठ आणखी वाकली. ते पाहिलं आणि माझ्यातलं काहीतरी सुटलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला फक्त माझं वाक्य लिहायला उरेल. धर्मशाळा दाऊदभाईंनीच बांधली. तिला समोरून दार नाही. धक्क्यावर जाणारी माणसं तिथे टेकून बसतात आणि कधीकधी दाऊदभाईही बसतात, नातवाला घेऊन. दर ईदला माझ्याकडे शेवयांचा डबा येतो आणि दर दिवाळीला आमचा डबा होडीतून पलीकडे जातो. गावात माझी पत कमी झाली का? काही दिवस झाली असेल. कचेरीतही कुजबुज झाली. पण त्या दिवसानंतर मी या घरात जसा झोपलो तसा आधी कधी झोपलो नव्हतो. हे घर माझं झालं ते गृहप्रवेशाच्या दिवशी नाही, त्या दुपारी झालं.

मी ओट्यावरून उतरलो. दाऊदभाईंच्या हातातली थापी काढून घेतली, त्यांना हाताला धरून मंडळींसमोर आणलं. "काय नाना, काय झालं?" ते पुटपुटत होते. माझा आवाज थरथरला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"खोत, ईदच्या घाईची गोष्ट खोटी आहे," मी म्हणालो. "ती मी रचली. घाई मला होती. दाऊदभाई मला वरचंच पाणी घाला म्हणून बजावून गेले होते. मी खालच्या विहिरीचं आणवलं. परत आल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा, माझ्या मुलांसाठी त्यांनी आणलेला डबा हातात धरून, मी वरचंच आहे म्हणून सांगितलं. त्यांचं काम कसं असतं ते तुम्ही आत्ता हात लावून पाहिलंत. त्यात मिसळलेलं मीठ माझं होतं."

मी दाऊदभाईंकडे वळलो आणि हात जोडले.

"दाऊदभाई, मी तुमच्याशी खोटं बोललो, तुमचं नाव घालवलं, आणि ते घालवताना तुमच्या सणाच्या आड लपलो. हे सांगायला मी इतके दिवस लावले, तुमच्याकडून भिंत साफ करून घेतली आणि तरी गप्प बसलो. माझं चुकलं. या सगळ्यांच्या देखत तुमची माफी मागतो."